हवा काढताना

डोसिंग पंप बिघडतो तेव्हा तो ओरडत नाही, मऊ पडतो. मोटर फिरत असते, क्रॉसहेड ठरल्या लयीत पुढं-मागं सरकत असतो, गिअरबॉक्समधून तेलाचा कोमट वास येत असतो, लांबून बघणाऱ्याला सगळं आलबेल वाटावं. पण डिस्चार्जच्या पाइपवर तळहात ठेवला की जो ठोका मनगटापर्यंत चढायला हवा तो बोटांतच विरतो, गेजचा काटा उठू उठू करतो आणि बसतो, आणि टाकीच्या काचनळीत फॉस्फेटची पातळी सकाळी जिथं होती तिथंच दुपारी असते. पंप चालतोय. काम होत नाही.

माणसांचंही असं होताना पाहिलंय, पण तो विषय इथं नको.

मी पहाडावरचा, जिवतीचा. नोकरी खाली, गडचांदूरच्या सिमेंटपट्ट्यात. घाट उतरताना सागाची रुंद पानं एकमेकांवर खरखरतात, चैत्रात मोहाचा गोड, जरासा आंबूस दरवळ वळणावळणाला थांबलेला असतो, मग झाडी विरळ होते, अमलनाल्याच्या धरणाचं पाणी क्षणभर डोळ्यांवर येऊन जातं, आणि त्यापलीकडं धुरकट उजेडात कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहतात. वर माणिकगडाच्या रांगेचा काळा दगड, खाली खाणींची पांढरट चुनखडी. या दोन रंगांच्या मधे माझी सगळी पाळ्यांची वर्षं गेली. रात्रपाळी करून परतताना बुटांवर पांढरी भुकटी असायची आणि घरी पोचेपर्यंत तिच्यावर पहाडाची काळी माती चढलेली असायची.

या चुनखडीचा स्वभाव दुहेरी आहे. भट्टीत तिचं केवढं कौतुक! दगड फोडायचा, दळायचा, १,४५० अंशांच्या आसपास तापवायचा, की त्याचा क्लिंकर होतो आणि क्लिंकरचं सिमेंट. सगळा मुलूख तिच्यावर पोट भरतो. पण भिंतीपलीकडं, कारखान्याच्याच वीजघरात, तोच चुना चिमूटभर जरी बॉयलरच्या पाण्यात शिरला तरी नळ्यांच्या आतून थर धरतो, थराखाली लोखंड तापतं, फुगतं, आणि एक दिवस फुटतं. म्हणून पाणी आधीच गाळून, क्षार काढून घेतात, आणि त्यातूनही निसटलेल्या चुन्यासाठी बॉयलरच्या ड्रममध्ये ट्रायसोडियम फॉस्फेटचं द्रावण थोडं थोडं सोडत राहतात. ते सोडणारा पंप म्हणजे आमचा डोसिंग पंप. अजस्र टर्बाइन आणि फीड पंपांच्या गर्दीत कोपऱ्यात बसलेला, पाहुण्यांना कारखाना दाखवताना ज्याच्याकडं कुणी बोट करत नाही असा. ड्रममध्ये सत्तर-ऐंशी बारचा दाब असतो. त्या दाबाच्या छातीवर पाय देऊन यानं औषधाचे घोट आत सारायचे. दिवसरात्र.

त्याच्या पोटात दोन द्रव राहतात आणि त्यांची कधी भेट होत नाही. एका बाजूला औषधाचं पाणी, दुसऱ्या बाजूला तेल, मधे टेफ्लॉनची पातळ, गोल चकती, तिचं नाव डायफ्रॅम. प्लंजर तेलाला रेटतो, तेल डायफ्रॅमला रेटतं, डायफ्रॅम औषधाला. प्लंजर आणि डायफ्रॅम यांच्यामधे ना दांडा, ना पिन, ना नट. नुसतं तेल. कोंडलेलं, काठोकाठ भरलेलं, इकडं मिळालेला रेटा जसाच्या तसा तिकडं पोचवणारं तेल. कोंडलेल्या द्रवाचा हा गुण ब्लेझ पास्कालनं ओळखला. त्याचं लिखाण छापून आलं १६६३ साली, तो जाऊन वर्ष झाल्यावर. मला या गोष्टीचं अजून नवल वाटतं. ज्याला स्वतःचा आकार नाही, ज्याला मुठीत धरता येत नाही, ते नुसतं कोंडलं की पोलादी दांड्याचं काम करू लागतं.

आणि डायफ्रॅमचं त्याहून. इतक्या दाबात इतकी पातळ चकती टिकते कशी, असं नवखा पोरगा हमखास विचारतो. उत्तर साधं आहे. दाब दोन्हीकडून सारखा आहे. पुढून औषध जेवढं दाबतं तेवढंच मागून तेल दाबतं, आणि चकती दोघांच्या मधोमध तरंगत राहते. तिच्यावर भार जवळजवळ नसतोच. एक बाजू रिकामी करून दुसरीकडून दाब दिला तरच ती ताणते, फाटते.

जिवती तालुक्याच्या कडेची गावं मला अशा वेळी आठवतात. परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर, महाराजगुडा. त्यांच्यावर महाराष्ट्रही हक्क सांगतो आणि तेलंगणही. २०१४ पूर्वी आंध्र प्रदेश सांगत होता. दोन सरकारांच्या दोन ग्रामपंचायती, दोन शाळा, दोन्हीकडची रेशनकार्डं, दोन्हीकडचं मतदान. बाहेरचे लोक हसतात, म्हणतात, मजा आहे बुवा यांची. पण त्या गावांत उभं राहून बघावं. एका घरातलं पोरगं मराठीत पाढे म्हणतं, शेजारचं तेलुगूत, बाया आपसात बंजाऱ्यांच्या गोरमाटीत नाहीतर लातुरी मराठीत बोलतात, आणि सगळ्यांच्या डोक्यावर हंडा एकाच विहिरीचा. दोन्हीकडचा रेटा सारखा आहे तोवर गाव मधे तरंगत राहतं. जमिनीच्या पट्ट्याची गोष्ट निघाली की मात्र दोन्हीकडचे हात एकदमच मागं जातात, आणि मग ताण येतो.

तर पंप मऊ पडला. परमिट निघालं, ब्रेकरला कुलूप लागलं, सक्शन-डिस्चार्जचे वाल बंद करून मधल्या नळीतला दाब मोकळा केला. फॉस्फेटचं पाणी हाताला बुळबुळीत लागतं, धुतलं तरी बराच वेळ बोटं आपली वाटत नाहीत. सोबत तांड्यावरचा एक पोरगा होता, हेल्पर म्हणून नवा लागलेला, बोलायला कमी आणि बघायला भारी. ड्रेन प्लग सैल केला तसं तेल आधी दबकत, मग एका धारेत ट्रेमध्ये उतरलं. मधाच्या रंगाचं. वरच्या झरोक्यातून उन्हाचा पट्टा येत होता, त्याच्यात ती धार क्षणभर आतून उजळल्यासारखी झाली.

"भाऊ, तेल तर बरं हाय की."

बरं होतं. डायफ्रॅम फाटला असता तर औषधाचं पाणी तेलात घुसून तेल दुधाळ झालं असतं, ताकासारखं फुटलं असतं. तसं काही नव्हतं. म्हणजे दुखणं आत, तेलाच्या बाजूला.

हेडचे बोल्ट समोरासमोरचे, आळीपाळीनं, थोडे थोडे सैल करायचे असतात. एकाच बाजूनं मोकळं केलं तर फ्लँज तिरका होतो आणि डायफ्रॅमच्या काठाला चीर जाते. पाना फिरवताना प्रत्येक बोल्ट सुटण्याच्या क्षणी एक बारीक कुरकुर करतो; कुठला किती आवळला होता ते त्या कुरकुरीवरून कळतं. शेवटचा निघाला, हेड दोन्ही हातांवर आलं, आणि डायफ्रॅम तसाच मागच्या प्लेटला धरून राहिला. नखानं काठ उचलला. तो सुटला.

पुढून स्वच्छ. पांढरा, थंडगार, थोडा मेणचट. टेफ्लॉनला दुसरं काही चिकटत नाही, आम्ल-अल्कली त्याच्या वाटेला जात नाहीत. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट फ्रिजसाठी वायू शोधत होता, एका सिलिंडरातून वायू येईनासा झाला, वजन मात्र तेवढंच. कापून बघितलं तर आत ही पांढरी भुकटी बसलेली. शोध लागला तो असा, वाल उघडूनही काही बाहेर येत नाही म्हणून. पंपवाल्या माणसाला ही गोष्ट फार जवळची वाटते.

मग मी डायफ्रॅम उलटा केला. त्याच्या पाठीवर ठसे होते. तेलाच्या बाजूला भोकं पाडलेली, खोलगट आधाराची प्लेट असते, डायफ्रॅमनं मर्यादेबाहेर मागं जाऊ नये म्हणून. त्या प्लेटचं एकूण एक भोक त्याच्या पाठीवर उमटलं होतं, बारीक फुगीर टेंगळांच्या रांगांत. दुपारी उघड्या अंगानं बाजेवर झोपून उठलेल्या बापाच्या पाठीवर सुंभाचे वळ उमटलेले असत, तसे. मी बोट फिरवलं. ते टोचत नव्हते, पण होते. किती दिवस हा मागं ढकलला जात होता, प्रत्येक ठोक्याला, मिनिटाला कित्येक वेळा, आणि बाहेर कुणालाच त्याची गंधवार्ता नव्हती.

डायफ्रॅम मागं का जातो? तेल कमी पडतं म्हणून.

तेलाच्या घरात तीन लहान वाल असतात. एक, दाब हाताबाहेर गेला तर तेलाला मागच्या दारानं सोडून देणारा. एक, हवा वर चढली की तिला वाट करून देणारा. आणि तिसरा, प्लंजरच्या कडेनं झिरपून गेलेलं तेल टाकीतून परत भरून घेणारा. हा तिसरा सगळ्यात लहान आणि सगळ्यात खोल दडलेला. त्याच्यात एक गोळी असते, तिच्याखाली तिची बैठक. तेल कमी झालं की गोळी उचलते, तेल आत येतं, आणि प्लंजर पुढं निघाला की गोळी बैठकीवर घट्ट बसते. तेल आत कोंडलं जातं. ती बसली नाही तर प्लंजरनं दिलेला रेटा तिच्याच वाटेनं टाकीत परत जातो.

मी तो वाल खोलला, गोळी तळहातावर घेतली, बैठक उजेडात धरली. पोरगा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. आधी काही दिसलं नाही. मग बैठकीच्या काठावर, केसापेक्षा थोडा जाड, तेलानं काळवंडलेला एक तंतू दिसला. चिमट्यानं उचलला. कापसाचा धागा होता.

कधीतरी, कुणीतरी, आधीच्या एखाद्या दुरुस्तीत तेलाचं घर कॉटन वेस्टनं पुसलं असणार. पुसणाऱ्याचा हेतू चांगलाच. धागा आत राहिला, तेलाबरोबर फिरला, महिनोन्महिने कुठल्याशा कोपऱ्यात बसून राहिला आणि शेवटी या गोळीखाली येऊन आडवा पडला. गोळी त्याच्यावर बसायची, पूर्ण बसायची नाही.

जिवती, कोरपना, राजुरा हा सगळा कापसाचा मुलूख. दिवाळीनंतर पहाडावर वेचणी चालू असते तेव्हा सगळ्या बांधांवर, काट्यांवर, बैलगाडीच्या आखावर कापसाच्या पिंज्या अडकलेल्या दिसतात, ओट्यात वेचा घेऊन बाया वाकलेल्या असतात, आणि संध्याकाळी घराच्या सोप्यात छतापर्यंत रचलेल्या कापसात पोरं लोळून अंग खाजवत बसतात. काळ्या मातीनं उन्हातान्हात पिकवलेल्या त्याच कापसाचा एक तंतू. एवढ्या मोठ्या वीजघराला त्यानं गुपचूप अडवून धरलं होतं. मला राग आला नाही. पोरगा हसला. मग मलाही हसू आलं.

तेलाचं घर साफ करायचं तर घासलेटनं धुवायचं, पुन्हा धुवायचं, आणि पुसायचं ते तंतू न सोडणाऱ्या कापडानंच. हे मला शिकवलं ते कारखान्यातल्या कुणी नाही. पहाडावर हातपंप दुरुस्त करणारे एक मामा होते. नात्यानं मामा नव्हेत, सगळ्या गावाचे मामा. १९७२च्या दुष्काळानं मराठवाड्यातली जी कुटुंबं उठून या पहाडावर आली, त्यातलं त्यांचं एक आणि आमचं एक. माणसं पाण्याच्या आशेनं जंगलात आली आणि पहाडावर येऊन बघतात तर पावसाळ्यात धो धो कोसळणारं पाणी काळ्या दगडावरून वाहून खाली निघून जातं, आणि उन्हाळ्यात खाली चंद्रपूरकडं पारा ४७च्या वर जातो तेव्हा वरच्या विहिरींत तळाची माती दिसते, कोलाम आदिवासींच्या गुड्यांवरच्या बाया झऱ्याच्या ओलीशी वाटी घेऊन बसतात. थेंब साठायची वाट बघत.

त्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यात आणि सोलापुरात दुसरंही एक काम चाललं होतं. बोअर खणले जात, त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे घरगुती पंप गावभराच्या वापरानं मोडून पडत. जालन्याच्या मिशनमधल्या आणि सोलापूरच्या कारागिरांनी मजबूत पोलादी पंप बनवले, आणि त्या अनुभवातून युनिसेफच्या मदतीनं पुढं 'इंडिया मार्क दोन' हा हातपंप आकाराला आला. आज तो देशभर आहे, आफ्रिकेतल्या खेड्यांत आहे. म्हणजे ज्या मुलखातून माझे आईबाप पाण्यासाठी उठले त्याच मुलखानं हा पंप दिला, आणि दोघेही शेवटी याच पहाडावर भेटले.

मामा तो पंप उघडत तेव्हा आम्ही पोरं भोवती. तिवई उभी करायची, क्लॅम्प लावून पाइप एक एक करून वर ओढायचे, थंड पाणी पायांवर सांडायचं, आणि शेवटी पितळी सिलिंडर वर यायचा. त्याच्या पोटात दट्ट्या, दट्ट्याला चामड्याच्या वाट्या. झिजलेल्या, काठ कुरतडलेल्या. पाणी वर उचलायचं ते त्या वाट्यांनी. नवी वाटी मामा रात्रभर तेलात भिजत घालत. "कोरडं चामडं पाणी धरत न्हाई, पोरा. आधी त्याला पाजावं लागतं." मग ती ओली, जड, उग्र वासाची वाटी आम्हाला हातात घ्यायला देत. तिचा काठ अंगठ्यानं दाबून बघा म्हणत. दाबला की आत जायचा, सोडला की परत यायचा.

पुढं वाचनात आलं की लंडनच्या जोसेफ ब्रामानं १७९५ साली पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं, आणि त्याच्या प्रेसचं घोडं अडलं होतं ते गळतीवर. दाब वाढला की दट्ट्याच्या कडेनं पाणी निसटायचं. तोडगा निघाला चामड्याच्या वाटीनं. ती त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेच्या नावावर सांगतात. पाण्याचा दाब जेवढा वाढेल तेवढी वाटी फुलून भिंतीला अधिक घट्ट लागायची. जो दाब गळती करतो त्यालाच राखणीला बसवलं. वाचताना मला तेलात भिजणाऱ्या वाटीचा तो उग्र वास आला, आणि त्याच्याही मागं, आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या मोटेचा: बैल उतारावरून खाली जातायत, चाक कुरकुरतंय, चामड्याची पखाल विहिरीतून वर येतेय आणि थारोळ्यात रिती होतेय. मोट, वाटी, टेफ्लॉनची चकती. माणसानं कितीतरी वेळा पाणी उचललं ते कसल्या ना कसल्या कातड्याच्या आधारानं.

जोडणी करताना मी बोलत नाही. बरेच फिटर बोलतात, गाणी म्हणतात. माझं तसं नाही. नवा डायफ्रॅम बसवला. ओ-रिंगांना तेलाचा हात लावला, खाचेत बसवताना पीळ पडला नाही ना ते बोटानं गोल फिरून बघितलं. गोळी बैठकीवर ठेवून वरून घासलेटचे थेंब सोडले आणि खालून थेंब येतो का बघत बसलो. आला नाही. बोल्ट पुन्हा समोरासमोरचे, आळीपाळीनं, आधी हातानं, मग पान्यानं, मग टॉर्क पान्यानं. टेफ्लॉनची खोड अशी की ते दाबाखाली थंडपणीच हळूहळू सरकतं. आज घट्ट वाटलेला बोल्ट उद्या किंचित सैल लागतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाना लावायचा. पोरग्याला ते सांगितलं तर म्हणाला, "मंग आजच जास्ती आवळू की." नाही. जास्ती आवळलं तर ते अजूनच सरकतं.

आणि मग ते काम, ज्याच्यासाठी मी पंप उघडायला कधी कंटाळलो नाही.

तेल भरायचं. सावकाश, बारीक धारेनं, भांड्याच्या काठाला लावून, कारण वरून ओतलेलं तेल आपल्याबरोबर हवा घेऊन जातं. भरलं की थांबायचं. मोटर चालू करायची नाही. मोटरच्या पंख्याकडून शाफ्ट हातानं फिरवायचा, प्लंजर एकदा पुढं, एकदा मागं, आणि वरच्या भोकातल्या तेलाकडं बघत राहायचं. आधी मोठे बुडबुडे येतात, बेशिस्त, एकमेकांच्या अंगावर. मग मध्यम. मग बराच वेळ काहीच नाही, आणि नवख्याला वाटतं, झालं. तेवढ्यात प्लेटच्या मागच्या कुठल्याशा सांदीतून मोहरीएवढा एक बुडबुडा सुटतो, तेलातून रमतगमत वर येतो, पृष्ठभागाला टेकून जरा थबकतो. त्याच्या गोलाईत झरोका दिसतो, आपला हात दिसतो, उलटा. फुटतो.

एवढ्याशा हवेनं काय होतं? रॉबर्ट बॉइलनं १६६२ साली मांडलेला हिशेब लावून बघा. तेलावर शंभर बार दाब टाकला तरी ते एक टक्कासुद्धा आक्रसत नाही. हवेवर तोच दाब टाकला की ती शंभराव्या हिश्श्यावर येते. प्लंजर पुढं निघतो, सगळी ताकद त्या बुडबुड्याला चेपण्यात जाते, डायफ्रॅमपर्यंत काही पोचतच नाही; प्लंजर मागं येतो, बुडबुडा फुगून पुन्हा जागेवर. दाबाखाली हवा कधी भांडत नाही. ती दबते. आणि तेवढ्यानंच पंप निकामी होतो.

"हवा लई लबाड," मामा म्हणत. "पाणी येतं ते सांगून येतं. हवा न सांगता राहती." हातपंपानं हवा धरली की ते दांडा मारून मारून घामाघूम होत, मग थांबत, तोंडावरून हात फिरवत, आणि काहीच न करता उभे राहत. आम्हाला वाटायचं, दमले. ते दमलेले नसत. हवेला वर यायला वेळ देत असत.

शाफ्ट फिरवताना हाताखाली बदल कळतो. आधी तो पोकळ फिरतो, मग एका ठिकाणी किंचित जड लागतो, मग ते जडपण दर फेऱ्याला थोडं आधी येऊ लागतं, थोडं ठाम होऊ लागतं. दुपार कलली होती. झरोक्यातला उन्हाचा पट्टा पंपावरून भिंतीवर गेला होता, बॉयलरची घरघर सगळीकडं भरून होती, आणि त्या घरघरीच्या आत एक अगदी छोटी शांत जागा होती, वीतभर व्यासाची, तेलाच्या पृष्ठभागाएवढी, जिच्याकडं आम्ही दोघं डोळे लावून बसलो होतो. माझ्या मनात त्या वेळी काय काय वर येऊन गेलं ते सांगण्यात अर्थ नाही. कुणाशी न बोललेलं काही, बापाच्या आजारपणातलं काही, फार आत दडलेलं, कधी कुणाशी भांडण म्हणूनही बाहेर न आलेलं. ते आलं, टेकलं, गेलं. मी शाफ्ट फिरवत होतो.

"भाऊ, आता येईना गेलं."

"थांब अजून."

मग स्ट्रोकची मूठ शून्यावर ठेवून मोटर चालू केली, हळूहळू वाढवत नेली. गेजचा काटा उठला, बसला, उठला, आणि या वेळी उठताना त्याच्या अंगात जोर होता. मी पोरग्याचा हात धरून डिस्चार्जच्या पाइपवर ठेवला. तो काही बोलला नाही. पण त्याच्या मनगटाची शीर ठोक्यागणिक हलताना मला दिसली.

हल्ली असं काम फारसं कुणी करत नाही. पंपाचं आख्खं डोकंच काढतात, नवं सीलबंद डोकं बसवतात, जुनं खोक्यात भरून परत पाठवतात. तासाभरात पंप चालू. कारखान्याच्या हिशेबानं ते बरोबरच आहे. बंद यंत्राचा तास महाग असतो, आणि माझ्यासारख्या माणसानं तेलाकडं बघत दुपार घालवावी हे कुठल्याच तक्त्यात बसत नाही. मी त्याविरुद्ध बोलत नाही. फक्त त्या धाग्याचा पत्ता कुणाला लागत नाही, एवढंच. खोक्यातून तो जसा गेला तसा, दुसऱ्या कुठल्या तरी पंपात, पुन्हा येतो.

पहाडावर मात्र हा हिशेब चालत नाही. शेणगाव, पाटण, टेकामांडवा, कुंभेझरी, त्यापलीकडचे गुडे आणि तांडे, तिथं बंद पडलेल्या पंपाच्या बदल्यात दुसरा पंप खोक्यातून येत नाही. मार्च ते जून हातपंप बंद राहिला तर बायांच्या डोक्यावरचा हंडा तेवढा लांब जातो. तिथं पंप उघडणारा माणूसच लागतो, पाना आणि तेलात भिजवलेली वाटी घेऊन आलेला. मामा गेले. त्यांच्यासारखे थोडे उरलेत, आणि तेही आता पाइप ओढायला दोन जवान हात शोधत असतात.

तो तांड्यावरचा पोरगा आता एकटा पंप खोलतो, भरतो, हवा काढतो. मी त्याला एकदा विचारलं होतं की एवढा धीर कुठून शिकलास. त्यानं सांगितलं, लहानपणी तांड्यावर हातपंप दुरुस्तीला आला की माणसं पोरांना हाकलायची, "बाजूला व्हा रे", आणि दुरुस्त करणारा म्हातारा म्हणायचा, राहू द्या, बघू द्या.

म्हणून एक विनंती आहे. तुमच्या गावात, वाडीत, वस्तीत कुणी तिवई उभी करून हातपंपाचे पाइप वर ओढत असेल, तर भोवती जमलेल्या पोरापोरींना हाकलू नका. पाणी अंगावर उडेल, हात ग्रीसनं काळे होतील, शाळेला उशीर होईल. होऊ द्या. जमलं तर एखाद्या पोरीच्या हातात पाना द्या आणि शेवटचा नट तिला आवळू द्या.